दोलकबाई

दोलकबाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, खाली येई. कांदिवलीच्या आमच्या कॉलेजात त्या फिजिक्स शिकवायच्या. तो खालचा आवाज ऐकला की मागच्या बाकावरची बडबड आपोआप थांबायची.

मला लहानपणापासून फिट्स येतात. एस.वाय.ला प्रॅक्टिकल चालू असताना मी पडले. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी चप्पल होती आणि बाई ती धरणाऱ्या लॅब असिस्टंटला सांगत होत्या, "आधी ती पायात घाल. तिला कुशीवर वळवायचं असतं, वास द्यायचा नसतो."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आईला बोलावलं. "लॅबमध्ये काही झालं तर जबाबदारी कोणाची? आर्ट्सला टाका मुलीला." आई खाली मान घालून ऐकत राहिली. ती मान आठवली की आजही माझं रक्त उसळतं. तेवढ्यात बाई न बोलावताच आत आल्या. "जबाबदारी माझी. कुठे सही करू?" त्या माणसाने खरंच कागद पुढे सरकवला. बाईंनी सही केली.

मग त्यांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर शेकडो ठिपके, प्रत्येक आपापल्या चालीने लुकलुकणारा. "हे दोलक. लंबकासारखे, पण एकमेकांना जोडलेले. मेंदूतल्या पेशींचं ढोबळ चित्र समज." त्या जोडणी घट्ट करत गेल्या. बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग अचानक सगळे एका ठेक्यात उघडझाप करायला लागले.

"ही फिट. सगळे एका तालात, त्यामुळे कुणालाच आपलं काम करता येत नाही."

माझी फिट सगळ्या बिल्डिंगने पाहिली होती. मी पहिल्यांदाच पाहत होते. मला रडू फुटलं.

"रडून झालं की कुठल्या जोडण्या तोडल्यावर हे थांबतं ते शोध," बाई म्हणाल्या.

बाई वर्षानुवर्षं कंत्राटावर होत्या. माझा निकाल लागला त्याच महिन्यात कॉलेजने त्यांना काढलं. कारण नाही, निरोपाचा चहासुद्धा नाही.

आज मी याच दोलकांवर पीएच.डी. करते. यंदा कॉलेजने 'आमची गुणवंत विद्यार्थिनी' म्हणून मला सत्काराला बोलावलं. आमची! माझं डोकंच फिरलं. कडक शब्दांत नकार लिहिला आणि बोरीवलीला बाईंच्या घरी जाऊन वाचून दाखवला.

"छान लिहिलंयस. पण त्याने त्यांचं काय वाकडं होणार गं? समोर पोरी बसतील. एखादीला फिट येत असेल आणि ती लपवत असेल. तिचं काय?"

मी गेले. माईकवर आधी माझ्या फिट्सचं सांगितलं, मग बाईंचं नाव घेतलं, मग त्यांना कसं काढलं तेही. प्राचार्यांनी माईक बंद करायची खूण केली, तोवर माझं बोलून झालं होतं.

बाहेर जिन्यात एक मुलगी थांबली होती. आजूबाजूला कुणी नाही बघून तिने विचारलं, "ताई, त्या बाई कुठे राहतात?"