तपासणी ओके

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला तर मी आमटी बिघडली असली तरी तोंडावर सांगतो — म्हणजे बघा.

तसं माझं उत्तम चाललंय. बारामतीत घर आहे, गुडघे शाबूत आहेत, दुपारची झोप सुखाची लागते. मग हे आता कशाला उकरायचं? — माहीत नाही. पण सांगतो.

नव्वदच्या दशकात मी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात होतो. आम्ही दुधातलं फॅट मोजायची यंत्रं बनवायचो आणि त्यांच्या चिपमधला प्रोग्राम मी लिहायचो. साहेब दिलदार. प्रोग्रामची झेरॉक्स मागेल त्याला देऊन टाकायचे. वाचा म्हणायचे, सुधारा, आम्हालाही कळवा. त्यातली माझी लाडकी गोष्ट म्हणजे सुरुवातीची तपासणी. यंत्र चालू केलं की चिप आधी स्वतःलाच तपासायची; आत एक आकडा जरी बदललेला सापडला तरी यंत्र अडून बसायचं.

पण तिला अर्धं मिनिट लागायचं. वीज सारखी जायची, दर वेळी पुन्हा अर्धं मिनिट, आणि दूध केंद्रावरच्या रांगेतली माणसं आमच्या नावानं बोटं मोडायची. साहेब म्हणाले, वेग वाढव. पंधरा दिवस डोकं खाजवलं, जमेना. मग एका सकाळी जमलं! दोन सेकंदांत ‘तपासणी ओके’. साहेबांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

कसं जमलं? — मी तपासणी काढूनच टाकली होती. झेरॉक्सच्या कागदांवर ती होती, चिपमध्ये नव्हती. चिपच्या आत कोण डोकावतंय?

अंथुर्ण्याच्या दूध केंद्रावर म्हशीचं दूध घालणारे एकटे धोंडीतात्या; बाकी सगळं गाईचं. वडिलांची मेंढरं विकून म्हशी घेतलेला ताठ माणूस. एका उन्हाळ्यात त्यांचं फॅट घसरलं. केंद्राचा सचिव चारचौघांत म्हणाला, “तात्या, पानी घालताय व्हय? मशीन खोटं बोलत न्हाय.”

“मग मीच खोटा म्हना की,” तात्या म्हणाले.

मला बोलावलं. झाकण उघडलं. त्या काळच्या चिपला वर काचेची खिडकी असायची; ऊन लागलं की आतलं पुसलं जायचं, म्हणून तिच्यावर पट्टी चिकटवायचो. ती निघाली होती. झाकणाच्या फटीतून येणाऱ्या उन्हानं आतले काही आकडे पुसले होते, नेमके घट्ट, म्हशीच्या दुधाचे. तपासणी असती तर यंत्र पहिल्याच दिवशी थांबलं असतं. मी गुपचूप नवी चिप बसवली. तात्या दारात उभे होते.

“सायब, तुमी शिकल्यालं. तुमीच सांगा, माझ्या दुधात पानी हाय का?”

सगळे माझ्याकडं बघत होते. एक शब्द पुरला असता, नाही का? मी म्हणालो, “मशीन साफ केलंय, तात्या. उद्या बघू.”

दुसऱ्या दिवशी फॅट बरोबर आलं. आणि गाव काय म्हणालं? — सायब आला तसा तात्यानं पानी घालायचं सोडलं! माझी नवी चिपच त्यांच्यावर उलटली. तात्यांनी केंद्र सोडलं, भिगवणच्या हॉटेलांना दूध घालू लागले. ‘पाणीवाले तात्या’ हे नाव मात्र चिकटलं. ते गेले तरी सुटलं नाही. आता त्यांच्या नातवंडांनाही गाव पाणीवाल्यांची म्हणतं.

त्यांच्या दुधात पाणी नव्हतं. हे त्या दारात तात्यांखेरीज एकट्या मला ठाऊक होतं.