पुढील सूचनेपर्यंत

मी बोईसरला राहते आणि घरूनच काम करते. नक्की काय काम, ते कॉलनीत कुणाला नीट सांगता येत नाही. वडील सांगलीहून पॉवर प्लँटच्या नोकरीसाठी इकडे आले, त्यांचं काम सगळ्यांना कळायचं. माझ्याबद्दल आई शेजारणींना सांगते, "ती कॉम्प्युटरला शिकवते." ते अगदीच चूक नाही.

आमची कंपनी बांधकामाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या मजल्यावर काय चाललंय, माल कधी येणार, कुठली टोळी कुठे लागली, सगळं त्यात. त्यात आता एआय एजंट आला आहे. साइटवरचा इंजिनीअर मोबाइलवर बोलतो आणि एजंट त्याच्या वतीने निरोप पाठवतो, कामं लावतो. पण कुठलं बटण केव्हा दाबायचं हे एजंटला कुणीतरी लिहून द्यावं लागतं. अशा एकेका बटणाला आम्ही टूल म्हणतो. त्या टूलची माहिती लिहिते मी.

त्यातलं एक टूल काम थांबवण्याचं होतं. ते वापरलं की टोळीच्या मुकादमाला लगेच मेसेज जातो. मी आधी त्याचं लांबलचक वर्णन लिहिलं होतं: इंजिनीअर नुसता विचार करत असेल तर वापरू नये, शंका आली तर विचारावं, वगैरे. चाचणीत असं दिसलं की वर्णन लांब झालं की एजंट रेंगाळतो. मग मी कापत कापत एका वाक्यावर आणलं. इंग्रजीतलं ते वाक्य मराठीत सांगायचं तर, 'साइटवरचं काम थांबवायचं असल्यास हे टूल वापरावं.' मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. असं लिहायला हवं, म्हणाले. मुकादमाला जाणारा मराठी मेसेजही माझाच: 'साइटवरील काम पुढील सूचनेपर्यंत बंद आहे.' ते वाक्य मला आवडलं होतं.

पालघरच्या एका साइटवर हे सुरू झालं. तिथला इंजिनीअर तरुण, बोलघेवडा. एका सकाळी सळ्यांची तपासणी करणारे साहेब आले नाहीत, तेव्हा तो मोबाइलवर एजंटला म्हणाला, "तपासणी झालीच नाही तर काम थांबवायला लागणार बहुतेक." एजंटने टूल वापरलं. मुकादमाला मेसेज गेला.

दुपारी इंजिनीअरच्या लक्षात आलं. त्याने काम सुरू असल्याचा मेसेज पाठवला, फोनही लावत राहिला. तोवर टोळी निघून गेली होती. वाणगावच्या पूर्वेला, डोंगराकडच्या एका पाड्यातली माणसं ती. आपलं रान पिकवून झालं की बायकापोरांसकट साइटवर येऊन राहायची. पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे दुसरा मेसेज कुणाला मिळालाच नाही.

कंपनीतून मला फोन आला. "तू तिथे जवळच राहतेस ना? जाऊन बघ, एजंटचा गोंधळ नेमका कशाने झाला."

मी गेले तेव्हा चार-पाच दिवस उलटले होते. इंजिनीअरने मला मजुरांच्या झोपड्यांकडे नेलं. तिथे दुसऱ्याच माणसांचे कपडे वाळत होते. स्लॅब अडून राहू नये म्हणून ठेकेदाराने बोईसरहून नवी टोळी आणली होती. चुलीपाशी बसलेला एकजण म्हणाला, "वो लोग तो चले गए, मैडम." गोंधळ कशाने झाला ते मला साइटवर यायच्या आधीच माहीत होतं. टूलचं ते एक वाक्य मला पाठ होतं.

"पाड्यावर जाऊ या," मी म्हणाले. इंजिनीअर नको म्हणत होता, पण शेवटी त्याच्या बाइकवर घेऊन गेला.

मुकादम रानवेलींनी कुंपण बांधत होता. आम्हाला पाहून त्याने हातातली वेल टाकली आणि आतून खुर्ची आणली.

"काम निघाला का?" त्याने इंजिनीअरला विचारलं.

इंजिनीअर माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "तुम्हाला मेसेज आला होता ना, तो चुकून गेला होता."

"बंद हाय म्हून आला ना? मंग आमी निंगालो. बंद तर बंद."

त्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "मीच वाचून दाखवला. लय चांगला लिवलेला. पेपरात असतो ना, तसा. मी बोलली, आता शेटनंच लिवला म्हंजे काय विचारायचा?"

मला मान वर करवेना. "ते मी लिहिलं होतं," मी म्हणाले. "माझी चूक झाली. माफ करा."

ती दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मुकादमाने पुन्हा इंजिनीअरलाच विचारलं, "मंग काम हाय ना?"

"तिथे दुसरी टोळी लागली," इंजिनीअर हळूच म्हणाला.

मुकादमाने खाली पडलेली वेल उचलली. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "मंग तुमी आल्या कशाला?"

आवाजात राग नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. मी त्याच्या अंगणात, त्याच्या खुर्चीवर बसले होते. काहीतरी करायचं म्हणून मी त्याच्या बायकोला माझा नंबर दिला.

ऑफिसच्या कॉलवर मी सांगितलं की हे टूल माणसाने हो म्हटल्याशिवाय चालता कामा नये आणि मेसेजच्या आधी साइटवरच्या कुणीतरी मुकादमाशी बोललं पाहिजे. साहेब म्हणाले, "वर्णनात एक ओळ वाढव ना." नुसत्या ओळीने भागणार नाही, असं मी पहिल्यांदाच त्यांना म्हटलं. पुष्कळ वाद झाल्यावर परवानगीचं बटण आलं. मुकादमाशी बोलायची अट राहून गेली. अहवालात 'संदिग्ध सूचना' एवढंच आलं. पुढच्या मीटिंगमध्ये, स्वतः साइटवर जाऊन आली म्हणून सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी कॅमेरा बंद करून बसले.

मुकादमाची माणसं मधले महिने डहाणूकडे चिकूच्या वाड्यांत काम करत होती. नंतर इंजिनीअरनेच खटपट करून त्यांना पालघरच्या दुसऱ्या एका इमारतीवर लावलं. मी त्यात काही केलं नाही.

आता तिथेही आमचंच सॉफ्टवेअर आहे. मेसेज आला की मुकादमाची बायको मला फोन करते. "ताई, हा तुमीच लिवला का? खरा हाय का?" तिला वाटतं, सगळे मेसेज मीच बसून लिहिते. मी समजावायचा प्रयत्न केला, पण ते मलाच धड सांगता आलं नाही. मग मी इंजिनीअरला विचारते आणि तिला उलट फोन करते. कंपनीत हे कुणाला माहीत नाही. कधी तिचा फोन लागत नाही, तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी लागेपर्यंत लावत राहते.