दुसऱ्या अर्थाच्या मॅडम

स्टाफरूममधले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, चहाच्या गंजात चोथा साचतो तसे ते साचतात. आमच्या चामोर्शीच्या शाळेतले माझे सगळे किस्से मात्र एकाच बाईंमुळे साचले! बावीस वर्षं इथं इंग्रजी मीच शिकवतोय. सगळे मला 'डिक्शनरी सर' म्हणायचे. म्हणायचे! कारण मग पोंभुर्ण्याहून सुजाता मॅडम बदलून आल्या.

*

आठवीतल्या एका मुलीनं स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, "सर, 'अ स्कूल ऑफ फिश' म्हणजे मासोळ्यायची शाळा का?"

मी ठामपणे सांगितलं, "छपाईची चूक आहे."

ती पोरगी थेट मॅडमकडे! मॅडम म्हणाल्या, "चूक नाई वो, स्कूल म्हणजे माशांचा थवा बी होते."

"मंग आपली शाळाबी थवाच हाये!"

सगळी स्टाफरूम हसली. मी चहा अर्धाच सोडला.

*

एकदा पेपरात बातमी होती, कुठल्याशा देशावर सँक्शन्स. हेडसर गोंधळले. "मी तर सुट्ट्या सँक्शन करतो!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम बोलल्या, "दोन्ही बरोबर, सर. मंजुरी बी अन् निर्बंध बी."

हेडसर खूश. "म्हणजे माझी सही झाली तर सुट्टी का शिक्षा, तुमीच ठरवा!" त्या दिवसापासून प्रत्येक इंग्रजी पत्र मॅडमच्या टेबलावर. आधी ते माझ्या टेबलावर यायचं.

*

मग मी रविवारभर जाडी डिक्शनरी चाळली. सोमवारी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, वॅक्सचा दुसरा अर्थ?"

"वाढणं. चंद्र वाढते तसं." वह्या तपासता तपासता त्यांनी उत्तर दिलं, मग हळूच वर पाहिलं. "सर, तुमी माह्यावर रागावून राह्यले का?"

"नाही, नाही!" मी म्हणालो. घरी जाऊन डिक्शनरी माळ्यावर टाकली.

*

उन्हाळ्यात टाकीचं पाणी आटलं. मॅडमनं टाकीवर पाटी लावली, 'हजबंड द वॉटर'. सापडल्या! मी प्रार्थनेच्या रांगेतच ओरडलो, "काय मॅडम, पाण्याचं लग्न लावता का?"

पोरं खदखदली. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, हजबंड क्रियापद बी हाये. जपून वापरणं."

संध्याकाळी घरी हे सगळं बायकोला सांगितलं. वाटलं, निदान ती तरी माझी बाजू घेईल. ताटात भात वाढता वाढता ती थांबली.

"क्रियापद हाये?" ती म्हणाली. "अठरा वर्षं झाली लग्नाले. आपल्या घरी तं ते नुसतं नामच राह्यलं!"