भिंतीला पाठ लावून

सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरनं सकाळीच आमच्या पुण्याच्या घरी निरोप आणला, "ताई, भोरच्या कमळाबाई गेल्या." गेल्या महिन्यातली ही गोष्ट. मी तशीच त्याच्या मोटारीत जाऊन बसले. निम्मी वाट मागं पडली, तरी रडू येईना. कमळाआत्याच्या कादंबरीचा अंक टपालानं यायचा, त्या दिवसांसारखी छातीत धडधड होत होती... आत्या गेली आहे, आणि आपण मात्र पुढचं प्रकरण वाचायला निघालो आहोत, असं काहीतरी.

कमळाआत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, भोरला मुलींची मास्तरीण. मी शाळेत असताना तिची कादंबरी एका मासिकात क्रमशः येत होती. तिची नायिका मालती. मूल गेल्यावर तिनं बोलणं टाकलेलं आणि घरानं तिला वेडी ठरवलेलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. मराठी वाचताना मी अडखळायचे, आणि चार माणसांत माझा आवाज फुटायचा नाही. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत शेवटची दोन प्रकरणं यायची होती. आत्यानं मला माजघरात, शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीशी स्टुलावर बसवलं आणि आळीतल्या बायकांना वाचून दाखवायला लावलं. "मोठ्यानं वाच गं, भिंतीला ऐकू गेलं पाहिजे." माझी भीड मोडायला हे चाललंय, असं मला वाटायचं. मी मनातल्या मनात चिडायचे.

भिंतीपलीकडं भागीरथीकाकींचं घर. त्यांच्या सुनेचं, चंद्रावहिनीचं, तान्हं मूल आदल्या वर्षी गेलं होतं. तेव्हापासून ती जेवायची नाही, एकटक बघत बसायची, मधूनच हसायची. "बाहेरचं हाय," म्हणून काकींनी तिला आतल्या खोलीत कडी लावून ठेवलेलं. अमावास्येला तिला वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका देवऋष्याकडे न्यायचं ठरलं होतं. "तितं साकळीनं बांधत्यात," पासलीहून तांदूळ विकायला येणारी सखूबाई आत्याच्या कानाशी म्हणाली होती. आळीला सगळं ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. आणि याच काकी आमच्याकडे सगळ्यांत पुढं बसून, मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत, मालतीसाठी पदर भिजवायच्या!

त्या दोनांतलं पहिलं प्रकरण वाचून झालं, तशी सखूबाईनं चक्क अंकापुढं खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवले.

"सखूबाई, अगं ती कागदावरची बाई!" आत्याला हसू आवरेना.

"आसंना कागदावरची. म्हायेरचं कोन न्हाई तिला. वटी भरली तर काय बिगडलं?"

काकींनीही अंकाला कुंकू लावलं. आत्याचं हसणं थांबलं. तिनं तो खण उचलून फडताळात ठेवला. "मालती आली की देईन," एवढंच म्हणाली.

शेवटाबद्दल संपादकांचा आग्रह होता की मालतीनं विहीर जवळ करावी. वाचकांना तेच पटेल. तेव्हाच्या कादंबऱ्यांतल्या वेड्या बायका बहुतेक विहिरीत जायच्या, नाहीतर इस्पितळात, आणि वाचणारे डोळे पुसून मोकळे व्हायचे. आत्या म्हणायची, "वेडी बाई लिहायची, तर आधी तिच्या घरातले शहाणे लिहावे लागतात." पण तिनं शेवट काय लिहिलाय, ते मलाही सांगितलं नव्हतं.

अमावास्या तोंडावर आली असताना शेवटचा अंक आला. माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या आत रवा भाजत होती. मालती दुपारी विहिरीच्या काठावर उभी राहिली, तिथं पान संपलं. मी थांबले.

"आगं, वाच की!"

"नगं, नगं! म्हंजी आता उडी घेनार."

"घरची मानसं कुटं मेलीत समदी?" काकी एकदम कडाडल्या. "लेकरू गेलंय तिचं! जवळ बसाया कुनाला सवड न्हाई व्हय? नुसती कडी लावली की झालं?"

सखूबाई फक्त काकींकडं बघत राहिली... आणि माझ्या पाठीमागून, भिंतीतून, दोनदा थापा पडल्या. मग खोल, खरखरीत आवाज आला.

"फुडं वाच."

आत रव्यातलं उलथनं थांबलं. काकींच्या मांडीवरचं सूप कलंडून तांदूळ जमिनीवर पसरले. त्या उठल्या, तांदूळ तुडवत बाहेर गेल्या. आम्हाला पलीकडची कडी वाजलेली ऐकू आली. थोड्या वेळानं त्या सुनेला हाताला धरून घेऊन आल्या. खाली बघत म्हणाल्या, "वाच गं पोरी. हिला ऐकायचंय."

मी वाचलं, न अडखळता, ओरडूनच म्हणा ना! मालती काठावरून मागं फिरली, घरी आली आणि तिनं भाकर मागितली. बायकांनी टाळ्या पिटल्या, सखूबाईनं तर मलाच मिठी मारली. आत्यानं फडताळातला खण काढून चंद्रावहिनीच्या ओटीत घातला. ती लगेच बरी झाली नाही, पुढंही कित्येक महिने गप्पच असायची. पण देवऋष्याकडची गाडी काही जुंपली गेली नाही.

आत्याचं तेरावं झाल्यावर मी माजघर आवरत होते. उजेड बरा म्हणून स्टूल खिडकीशी नेलं. मदतीला आलेली चंद्रावहिनी केर काढत होती. केरसुणी टाकून तिनं स्टूल उचललं आणि पुन्हा भिंतीशी आणून ठेवलं.

"पण वहिनी, पलीकडं आता तुम्ही नाही राहत. नवं बिऱ्हाड आलंय ना?"

"म्हनून तर," ती म्हणाली. "कोन हाय, काय हाय... आपल्याला काय म्हाईत? बस."

मी आत्याचा एक जुना अंक घेतला, भिंतीला पाठ लावून बसले आणि मोठ्यानं वाचू लागले.