अंजनाबाईचा डावा हात

आमच्या अंजनाबाईसारखी लांब पोळी टाकणारी बाई मी तं अख्ख्या नागपुरात पाह्यली नाई. लग्न असो की बारसं, मटनाचा बेत ठरला की पहिले तिले सांगावा जायचा. चुलीवर उलटं मडकं अन् मडक्यापाशी ती. मी सिंधू, तिची जोडीदारीण. मी पीठ आपटून आपटून सैल करायची अन् गोळा तिच्या हाती द्यायची. तो गोळा ती दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत लांबवायची अन् मडक्यावर अशी अंथरायची, की कुठं भोक नाई, कुठं सुरकुती नाई. "पोळी डावा हात सांभाळते वं, उजवा नुसता मिरवते," असं हसून म्हणायची.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर लोकं येतात, तवा आमची बस्ती रस्त्याच्या कडेले जेवणाचा मांडव टाकते. त्या दिवशी तं ती कोणाचंच ऐकत नव्हती. सकाळपासून मडक्यापाशी बसायची. इतक्या दुरून आलेलं माणूस उपाशी नाई गेलं पाह्यजे, म्हणे.

उन्हाळ्यात एका लग्नात तापलेलं मडकं तडकलं. ती सावराले गेली अन् खापर डाव्या तळहातात घुसलं. बोटं वाकवायच्या नसा कापल्या. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, नसा जोडल्या, हाताले पट्टी बांधली. व्यायाम शिकवणारी दीप्ती नावाची पोरगी होती तिथं. तिनं समजावलं, "मावशी, पट्टीच्या आतच बोटं अशी हळूहळू हलवायची. रोज. नाही हलवली तर आखडून बसतील." अंजनाबाईनं मान डोलावली. तिच्या नवऱ्यानं, संघपालनंही डोलावली.

"दसऱ्याले मडक्यापाशी बसन ना मी?" तिनं विचारलं.

"बसाल की, व्यायाम केला तर," दीप्ती म्हणाली.

घरी आली अन् पाहायले येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्या लोकांची तऱ्हाच हाये बापा. बिस्किटचा पुडा ठेवायचा, पलंगाच्या काठावर बसायचं, अन् कोणाचं किती वाईट झालं ते रंगवून सांगायचं. खापरखेड्याहून तिची नणंद इंदुताई आली. "आमच्या कॉलनीत एकाचं असंच होतं वं. बालटी उचलली अन् आतले टाके तटकन तुटले!" दुसरीनं कोण्या कंपनीतल्या माणसाचं सांगितलं, त्याचा म्हणे हातच कापावा लागला. अरे, तोंड हाये की काय हाये! आल्या होत्या मायेनंच, हे खरं. पण एकेक जण उठून गेली की अंजनाबाईचं तोंड पांढरंफटक पडायचं.

तिनं बोटं हलवणंच सोडलं. हात उशीवर ठेवून त्याच्याकडं पाहत राहायची. भांडं वाजलं तरी दचकायची. छातीत धडधड, घास घशाखाली उतरेना. "सिंधू, आत काही तुटलं असन का वं? मले तट असा आवाज आला." मी म्हणायची, काही तुटलं नाई, हलव. तं हलवायच्या आधीच घामाघूम. घरचे तिले पाण्याचा गिलास उचलू देत नव्हते. अन् जो तो सांगे, टेन्शन नको घेऊ. जशी काही तिनं ते सीताबर्डीच्या बाजारातून विकत आणलं होतं!

पट्टी दाखवाले दवाखान्यात गेले, तवा दीप्तीनं ओळखलं. संघपालले बाजूले घेऊन म्हणाली, "टाके ठीक आहेत. त्यांच्या मनात भीती बसली आहे, तिचाही इलाज असतो. मनाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा."

"माही बायको पागल नोहाय, मॅडम!" संघपाल भडकला, अन् अंजनाबाईले घेऊन घरी आला. बायकोवर जीव टाकणारा माणूस, पण त्या दिवशी मले त्याचा असा राग आला की बस. मी रोज भांडली. तवा कुठं पावसाळा सरता सरता तो तिले घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई निवांत बसून तिच्याशी बोलली. तिले झोप लागाले लागली, जेवण जाऊ लागलं. पण तोवर बोटं आत वळून घट्ट झाली होती.

दीप्तीनं हात तपासला. "नसा छान जुळल्या आहेत मावशी. एकही टाका तुटलेला नाही. पण सांधे आखडले. थोडे उघडतील, पहिल्यासारखे होतील असं मी नाही सांगू शकत."

"मंग मी इतके दिवस कायले भेत होती वं?" अंजनाबाई माह्याकडं पाहून म्हणाली अन् ढसाढसा रडली.

दसऱ्याले ती मांडवात आली. मी गोळा दिला. उजव्या हातानं तिनं तो सवयीनं झेलला अन् डाव्यावर टाकला. डावा हात उघडलाच नाई. पोळी मुठीवरून लोंबली, फाटली, राखेत पडली. "तू टाक वं," म्हणाली अन् बाजूले सरकली. दिवसभर मीच टाकल्या, जाड अन् भोकाच्या. लोकांनी खाल्ल्या.

दिवाळीनंतर कळमेश्वरले माही लहान बहीण मनकर्णा पडली, मनगटाचं ऑपरेशन झालं. मी निघाली तं अंजनाबाई म्हणे, मी बी येतो. तिथं बाया बसल्याच होत्या. एकीनं सुरू केलं, "आमच्या मामाचं असंच..."

"चूप बस वं!" अंजनाबाई इतक्या जोरात बोलली की सगळ्या गप. मंग मनकर्णापाशी बसली. "बोटं हलवाले सांगितलं ना? हलव."

"तुटन ना बाई काही!"

"काही नाई तुटत. माहा हात बी कापला होता, ऑपरेशन झालं."

"मंग? आता कसा हाये?"

अंजनाबाईनं डावा हात पदराखाली अजून आत ओढला. "बेस हाये. दसऱ्याले त्याच हातानं पोळ्या टाकल्या. विचार सिंधूले."

मनकर्णा माह्याकडं पाहू लागली.

"हो वं," मी म्हणलं, "दिवसभर टाकल्या."

मनकर्णानं भेत भेत एक बोट हलवलं. मंग दुसरं.