हात सोडून देवासपर्यंत

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी आता चारधामला जाईन. मी सायकल शिकले. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या गल्लीत, साठाव्या वर्षी, नवरा कॅरिअर धरून मागे पळत होता आणि शेजारीपाजारी चहाचे कप घेऊन ओट्यावर बसले होते. दोनदा गुडघे फुटले. तिसऱ्या महिन्यात टावर चौकापर्यंत जाऊन भाजी आणू लागले, तेव्हा ओट्यावरची गर्दी आपोआप कमी झाली.

माझं माहेर देवासचं. लहानपणी घरात एकच सायकल होती आणि ती दादाची. मी मागितली की आई म्हणायची, पडून हातपाय मोडलेस तर लग्न कसं व्हायचं? दादा लगेच कुलूप लावून किल्ली खिशात टाकायचा. आता तो सत्तरीला आलाय, माझ्यावर त्याचा जीवही आहे, पण त्या किल्लीचा राग काही माझ्या मनातून गेलेला नाही.

म्हणून पुण्याच्या एका सायकल गटाची सहल उज्जैनला येतेय असं कळलं, तेव्हा मी आधी शेवटच्या दिवसाचा बेत वाचला. दोन दिवस उज्जैन, तिसऱ्या दिवशी सायकलवर देवास. लगेच नाव देऊन टाकलं. दादालाही फोन केला की नऊ जणांचे पोहे कर, सायकलवर येतोय. "तू पण सायकलवर?" त्याने विचारलं. मी पण, म्हटलं.

उज्जैन सायकलसाठी चांगलं शहर आहे, हे मला या पुणेकरांनी सांगितलं. रस्ते सपाट, सकाळी मोकळे, आणि दर फर्लांगावर थांबण्यासारखं काहीतरी. लग्नानंतरचा सगळा जन्म इथे गेला तरी मी असा विचार केला नव्हता. माझ्या मराठीत हिंदी फार, असंही त्यांनी सांगितलं. तेही मी ऐकून घेतलं, पाहुणे होते.

पण पहिल्याच सकाळी गाडं अडलं. इंदूरचा गाइड माझ्या मुलाच्या वयाचा, नियमांचा मात्र पक्का. सगळ्यांनी एकामागे एक चालायचं. पुढच्याला खड्डा दिसला की त्याने हात खाली करून दाखवायचा, थांबायचं असेल तर हात वर करायचा, आणि प्रत्येकाने तो इशारा मागे पोचवायचा. मला हँडलवरून एक हातही सोडता येत नव्हता. सोडला की सायकल नाल्याकडे निघायची.

"आंटी, हाईवे पर ऐसे लाइन में नहीं चलने दूँगा," तो म्हणाला. "देवास आप वैन में आ जाना."

त्याने मला रांगेत सगळ्यात शेवटी ठेवलं. माझ्याच गावात मी शेपूट. त्यात देवासला सामानाच्या व्हॅनमधून उतरणारी मी आणि दारात उभा असलेला दादा, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. त्या रात्री नवऱ्याशी उगाचच भांडले.

आता आम्हा उज्जैनवाल्यांची एक खोड सांगते. वाहनावर असलो तरी देऊळ आलं की उजवा हात छातीला आणि कपाळाला लागतोच. पस्तीस वर्षं नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून मी तेच केलं. सायकल शिकल्यापासून मात्र भीतीपोटी देवांना नुसती मान हलवून भागवत होते. दुसऱ्या दिवशी मंगलनाथाच्या देवळाकडे जाताना वळणावरून अचानक शिखर समोर आलं, आणि काही कळायच्या आत माझा हात कपाळाला लागून परत आला. सायकल सरळच चालली होती.

गाइड बाजूलाच होता. "हाथ तो छूट गया आपका," तो म्हणाला. "अब जहाँ गड्ढा दिखे, समझो मंदिर है."

त्या दिवशी मी जितक्या खड्ड्यांना नमस्कार केले तितके देवांनाही केले नसतील. पुणेकर हसत होते, हसू देत. संध्याकाळपर्यंत हात खाली जायला लागला, मग वर. एकदा तोल गेला, कोपर सोलवटलं, पण मी उठून पुन्हा बसले. शेवटी गाइडने मला रांगेच्या मधोमध घेतलं. मला पोरीसारखा आनंद झाला.

तिसऱ्या दिवशी देवास रोडवर ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. तरी प्रत्येक इशारा मी मागे दिला, एकही चुकवला नाही. देवासची टेकडी दिसू लागली आणि आम्ही गावात शिरलो. दादाचं घर मलाच माहीत, म्हणून गाइडने मला सगळ्यांच्या पुढे काढलं.

दादा फाटकाबाहेर उभा होता. मी हात वर केला. माझ्यामागे आठ सायकली एकापाठोपाठ थांबल्या.

"अगं, हात सोडून कशाला चालवते तू," दादा म्हणाला, "गिरून जाशील ना."

"मागच्यांना सांगावं लागतं, दादा," मी म्हटलं.

त्याने मागे उभ्या असलेल्या आठ जणांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फाटक पूर्ण उघडलं.