टेलरबायचा रिकामा खिळा

टेलरबाय गिऱ्हाइकाला नाही म्हणायची ते त्याने पिशवीतून कापड बाहेर काढायच्या आत. मालवणच्या बाजारामागे तिचा गाळा होता. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दारात सावली पडली की मशीनवरची मान वर न करता ती म्हणायची, "शनिवारपर्यंत होवचा नाय. चलता तर ठेव." पुष्कळ बायका फणकाऱ्याने निघून जायच्या आणि आठवड्याने परत यायच्या. कारण बायने दिलेला वार कधी चुकला नाही, आणि हे दुसऱ्या कुठल्याही टेलरबद्दल आमच्या गावात कुणी शपथेवर सांगणार नाही.

तिचं सगळं वेळापत्रक भिंतीवर होतं. सोमवार ते शनिवार असे सहा खिळे, आणि एका खिळ्यावर फक्त पाच पिशव्या. सहावी आली की पुढचा खिळा. रविवारी ती चर्चला जायची, त्यामुळे त्या दिवसाला खिळाच नव्हता. पण गुरुवारचा खिळा असूनही कायम रिकामा असायचा. एकदा मी त्याला ओली छत्री अडकवली, तर बाय मशीन थांबवून उठली आणि छत्री काढून कोपऱ्यात ठेवली. "थंय नको," एवढंच म्हणाली. मला वाटलं, काहीतरी नवस असेल.

मी तेव्हा शाळेत नवीन शिक्षिका होते आणि माझ्या कामसूपणावर फार खूश होते. स्नेहसंमेलन आलं तसं मी नाटक घेतलं, निवेदन घेतलं, प्रमाणपत्रं घेतली आणि मुलींच्या नाचाचे सोळा परकरही माझ्याच डोक्यावर घेतले. 'मला अजिबात वेळ नाही' हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणत असे, आणि खरं सांगायचं तर ते म्हणताना मला बरं वाटायचं. देवबागला माझी आई एकटी राहायची. तिचं हृदय थकलंय, जपायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. देवबाग मालवणपासून अर्ध्या तासावर. तरी दर फोनला मी तिला सांगायचे, "टायम गावलो की येतंय."

परकरांचं कापड आलं ते संमेलनाला चार दिवस उरले असताना. मी ते गाठोडं घेऊन बायकडे गेले. पाच खिळे भरलेले, एक रिकामा. मी गयावया केली. "ना गो टीचर, गुरुवारी नाय," ती म्हणाली. माझा पारा चढला. म्हटलं, "बाय, तुमका माणसांपेक्षा खिळो मोठो?"

ती रागावली नाही. दोरा दाताने तोडत म्हणाली, "त्या खिळ्यार पण माणूसच आसा, टीचर."

मग तिनेच सांगितलं. आचऱ्याला तिची थोरली बहीण होती, दृष्टी गेलेली. दर गुरुवारी बाय एसटीने तिच्याकडे जायची. तेवीस वर्षं हा नेम चालू होता. मी ओशाळले, पण गाठोडं घेऊन तणतणतच घरी आले. शेवटी मुलींनी आपापल्या आयांच्या साड्या गुंडाळल्या आणि नाच झकास झाला. परकर नव्हते हे माझ्याखेरीज कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या रात्री झोपताना हिशेब केला, आईकडे जाऊन दोन महिने झाले होते. मला माझीच लाज वाटली.

शनिवारी शाळा अर्धा दिवस. ती दुपार मी आईची ठरवली आणि कुणालाही द्यायची नाही असं ठरवलं. मुख्याध्यापकांनी आवाज चढवून बघितला. 'काम सोमवारी देते,' असं मी म्हटलं, सोमवारी दिलं आणि शाळा काही बुडाली नाही. मात्र माझी खोड जाते कुठे? आईकडे मी यादी घेऊन जायचे. गोळ्या डबीत भरणं, विजेचं बिल, माळा, कपाट. तिसऱ्या शनिवारी आई म्हणाली, "गो, तू माका बघूक इलंस की माझी कपाटां?"

मी हे बायला सांगितलं तेव्हा ती तोंडातल्या टाचण्या सांभाळत हसली. मी विचारलं, "तुमी आचऱ्याक जावन काय करतास?"

"काय नाय. बसतंय."

"दुपारभर?"

"बसाक पण येळ लागता, टीचर."

त्यानंतर मी यादी केली नाही. मागल्या दारी, खाडीकडे तोंड करून आम्ही दोघी बसायचो. सुरुवातीला माझे हात शिवशिवायचे, पिशवीतले तपासायचे पेपर आठवायचे. हळूहळू ते थांबलं. आई काहीबाही सांगायची. लग्नानंतर होडीत बसायला ती किती घाबरायची, बाबांचं गाणं तिला मुळीच आवडत नसे पण चाळीस वर्षं तिने तोंडातून ब्र काढला नाही, असं. कधी बसल्या जागी तिचा डोळा लागायचा आणि मी नुसती तिच्याकडे बघत राहायचे. असे शनिवार मला जवळजवळ वर्षभर मिळाले. डिसेंबरात, एका पहाटे, ती झोपेतच गेली.

चौथ्या दिवशी बाय देवबागला आली. वार मंगळवार, नाताळ तोंडावर. वर्षातला तिचा सगळ्यात धावपळीचा आठवडा. पडवीत येऊन ती माझ्या शेजारी टेकली. मी तेव्हाही कामातच होते. येणाऱ्यांचा चहा, दिवसांचं सामान, कुणाला फोन करायचे राहिले ते. सवयीने म्हटलं, "बाय, नाताळाची घाई आसतली तुमका. निघा आता."

"घाई आसाच," ती म्हणाली. तिने माझ्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला. "पण आवस एकदाच मरता, टीचर."

चार दिवसांत मी पहिल्यांदा रडले. संध्याकाळची शेवटची गाडी येईपर्यंत बाय तिथून हलली नाही.